पांदणीतला हुंकार

डोक्यावर भरलेलं टोपलं असलं की मान वळवता येत नाही. बोरनाल्याच्या काठच्या माळीपुऱ्यात हे कुणाला शिकवावं लागत नसे. नव्यानं सासरी आलेल्या पोरीच्या डोक्यावर चुंबळ ठेवली, वर वांग्यांचं नाहीतर सांभाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, टोपलं चढवलं, की चार पहाटांत तिचं तिलाच कळे. नजर समोर, कंबर सैल, पाय जमिनीला धरून. आणि गप्पा मारायच्या त्याही समोर बघूनच.

माळीपुऱ्यापासून अमरावतीच्या गुजरीपर्यंत, म्हणजे भाजीबाजारापर्यंत, नाल्याच्या कडेनं एक पांदण जात असे. एका बाजूला नाला, दुसऱ्या बाजूला वावरांचं काट्यांचं कुंपण. बैलगाडी जाईल एवढी ती कधीकाळी रुंद होती म्हणतात, पण बाभळी आणि बेशरमाच्या झुडपांनी ती दोन्हीकडून खाल्ली होती. त्यामुळे बायका एकीमागे एक अशाच चालत. पुढची बोलायची आणि मागची 'हं' म्हणायची, असा रिवाज पडून गेला होता. पुढचीला वाट दिसे, म्हणून "दगड हाय", "चिखल हाय", "जनावर गेलं वं आडवं" हे तिनं सांगायचं. एकदा तोंड उघडलं की मग नुसत्या दगडाधोंड्यांवर कोण थांबतं? सासू, दीर, पोटदुखी, पोराची शाळा, सगळं निघायचं. मागचीनं फक्त हुंकार द्यायचा. हुंकार आला म्हणजे मागची ठीक आहे. नाही आला तर पुढचीनं जागच्या जागी थांबायचं, कारण वळून तर बघता येत नाही.

माणिकबाई पुढं चालायची आणि दुर्गाबाई मागं. दोघींची वावरं धुऱ्याला धुरा, बांधाला बांध लागून होती. लग्नंही एकाच उन्हाळ्यात झालेली. पहाटे माणिकबाई कुंपणापाशी येऊन "दुर्गे वं" अशी हाक द्यायची, दुर्गाबाई टोपलं घेऊन बाहेर यायची, मग दोघी एकमेकींच्या टोपल्याला हात लावून ते डोक्यावर चढवायच्या. भरलेलं टोपलं एकटीला उचलून डोक्यावर घेता येत नाही. पांदणीत एकटी बाई कधी दिसायची नाही, ती यामुळेच.

आता माणिकबाई एकटी चालते. डोक्यावर टोपलं नाही. तिच्या सागरनं वावराच्या अर्ध्या तुकड्यात शेवंती आणि झेंडू लावलाय, तो माल मोटारसायकलवर जातो. बाकी सगळ्या वावरांत प्लॉट पडले, घरं उभी राहिली, गच्चीवर पाण्याच्या काळ्या टाक्या आल्या. माळीपुरा शहरात कधी शिरला ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. पण पहाटे जाग आली की माणिकबाईचे पाय पांदणीकडे वळतात. रपट्यापर्यंत, म्हणजे नाल्यावरच्या त्या बुटक्या पुलापर्यंत जायचं, तिथून पुढं बायपासला लागायचं, आणि परत यायचं. सून दीपमाला म्हणते, "आई, एवढ्या सकाळी तिथं कुत्रेसुदा नसतात." माणिकबाई म्हणते, "म्हणूनच जाते."

खरं म्हणजे तसं नव्हतं. चालताना ती अजून बोलायची. हळू आवाजात, पुटपुटल्यासारखं. बोलून झालं की क्षणभर थांबायची. मागून काही यायचं नाही, मग पुढं चालायची.

दुर्गाबाई गेली त्याला बरीच वर्षं झाली. गेली म्हणजे अकोल्याला गेली, तिच्या मुलाकडे, श्यामकडे. जाण्याचं दुःख माणिकबाईला होतंच, पण त्यापेक्षा मोठा सल दुसरा होता. कुणाच्या तरी साखरपुड्यासाठी माणिकबाई दोन दिवस नांदगाव खंडेश्वरला गेली होती. परत आली त्या पहाटे नेहमीसारखी कुंपणापाशी उभी राहिली, हाक दिली. टोपलं त्या दिवशी दीपमालानं घरूनच डोक्यावर चढवून दिलेलं होतं. आतून कुणी आलं नाही. पुन्हा हाक दिली. मग शेजारच्या घरातून एक म्हातारा खोकत बाहेर आला आणि म्हणाला, "अवं, ते गेले ना अकोल्याले. परवाच टेम्पो भरला. वावर इकलं, तुले नाही सांगतलं?"

त्या दिवशी माणिकबाई डोक्यावरचं टोपलं घेऊन तशीच उभी राहिली होती. उतरवून घ्यायला कुणी नव्हतं आणि चालायला मागं कुणी नव्हतं.

का नाही सांगितलं, हे तिला विचारायचं होतं. एवढंच. पण विचारायचं कसं? दीपमाला महिन्या-दोन महिन्यांनी फोनवर दुर्गाबाईचा चेहरा लावून द्यायची. तिकडं दुर्गाबाई, इकडं माणिकबाई, दोघी एकमेकींकडं बघत बसायच्या. समोरासमोर बघत बोलायची दोघींना सवयच नव्हती.

"जेवली?"

"जेवली. तू?"

"जेवली."

मग दोघी हसायच्या, आणि दीपमाला फोन काढून घ्यायची. "एवढं आयुष्य संगं काढलं म्हणता, आन् बोलायले काही नाही," ती सागरला सांगायची.

*

दिवाळी होऊन गेल्यावर किशोरभाऊ घरी आले. किशोरभाऊ म्हणजे वार्डाचे माजी नगरसेवक. निवडणुका लांबल्या तेव्हापासून 'माजी' हा शब्द त्यांना चिकटला होता, पण काम त्यांनी सोडलं नव्हतं. सोबत महापालिकेची इंजिनीअर रागिणी होती, तेल्हाऱ्याकडची मुलगी. खांद्याला पिशवी, पायात बूट आणि डोक्यावर ओढणी गुंडाळलेली.

"काकू, तुमची ती पांदण हाय ना," किशोरभाऊंनी खुर्ची ओढली, "तिचा वॉकिंग ट्रॅक करून राहिलो आपण. लाईट, बाकडे, दोन्ही बाजूनं झाडं. लोक सकाळ-संध्याकाळ चालतीन. राज्याच्या निधीसाठी प्रस्ताव गेला."

"चाललोच तर आमी तिथून जलमभर," माणिकबाई म्हणाली.

"हां, त्यासाठीच आलो. मुंबईहून समिती येऊन राहिली पाहाले. ते पयले काय इचारतात, माहीत हाय? इथं कोणी चालते का, म्हणतात. कोणीच चालत नसन तं पैसे कायले द्यायचे?"

"मी चालते ना."

"तुमी एकट्याच."

"मंग एकटीले ट्रॅक देत नाहीत का?"

रागिणी हसली. तिनं मोबाइलवर काहीतरी चित्र काढून दाखवलं. हिरवी झाडं, करडी फरशी, तिच्यावरून सफेद कपड्यातली माणसं जोडीजोडीनं चाललेली. "आजी, प्रस्तावात मी लिहिलंय की ही भाजीवाल्या बायकांची जुनी वाट आहे. समितीला तेच आवडलं. त्या दिवशी तुम्ही टोपलं घेऊन चाललात, तर त्यांना डोळ्यांनी बघायला मिळेल. बाकी कॉलनीतले लोक आम्ही बोलावतोय, ते पण चालतील."

माणिकबाईनं त्या चित्राकडं बराच वेळ पाहिलं. वाट एवढी रुंद होती की तिच्यावर कुणाला कुणाच्या मागं चालायची गरज नव्हती.

"एकटीनं टोपलं घेऊन नाही जाता येत," ती शेवटी म्हणाली. "उचलू लागाले कोणी पाहिजे. आन् मागं कोणी पाहिजे."

"मागं मी चालतो काकू," किशोरभाऊ म्हणाले. "निवडणुकीत तुमच्याच मागं तं फिरलो."

"तुमी मागं चालसान तं 'हं' कोण म्हणन? तुमी तं भाषणच देसान."

दीपमालानं चहा आणला तोवर माणिकबाईच्या मनात ठरून गेलं होतं. समिती, निधी, ट्रॅक, हे सगळं तिच्या दृष्टीनं एका बाजूला राहिलं. दुर्गाबाईला बोलावायला आता एक कारण होतं. सरकारी कारण. मैत्रीखातर बोलावलं असतं तर 'पाय दुखतात' म्हणून ती टाळू शकली असती. सरकारला कोण नाही म्हणणार?

त्याच दिवशी तिनं दीपमालाकडून फोन लावून घेतला. चेहरा नको म्हणाली, नुसता आवाज पाहिजे.

"दुर्गे, मुंबईचे साहेब येऊन राहिले पांदण पाहाले. आपल्या दोघीले चालाचं हाय, टोपलं घेऊन."

पलीकडून आवाज आला, "टोपलं घेऊन?"

"हो."

"श्यामले इचारते." मग, "येईन."

*

समिती यायच्या दिवशी कॉलनीतले लोक नवेकोरे ट्रॅकसूट घालून आले. एरवी जे गेटपर्यंत गाडीनं जातात तेही आले. किशोरभाऊंनी सगळ्यांना टोप्या वाटल्या होत्या. पांदणीचं तोंड जेसीबीनं साफ केलं होतं, रपट्यापर्यंत वाट रुंद झाली होती, मुरूम टाकला होता. रपट्याच्या पलीकडं मात्र पांदण होती तशीच होती.

श्यामची गाडी थांबली आणि दुर्गाबाई उतरली. पातळ हिरवं लुगडं, अकोल्याला गेल्यावर घेतलेली चप्पल. अंगानं वाळली होती. दोघी समोरासमोर आल्या.

"आली?"

"आली."

"परवास बरा झाला?"

"झाला."

श्यामनं नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, मी बायपासवर गाडी लावतो. तुमचं झालं का तिथंच घेतो मायले." तो निघून गेला.

टोपली किशोरभाऊंनी आणली होती. माणिकबाईनं उचलून पाहिलं तर आत पोतं दाबून भरलेलं आणि वर वांगी, मेथी, पालक यांचा नुसता थर. भाजीही बाहेरगावची, मंडईतून विकत आणलेली.

"याले काही वजनच नाही," माणिकबाई म्हणाली. "हलकं टोपलं डोक्यावर ठरत नाही बाप्पा, मान उगीच डुलते." ती नाल्याकाठी गेली, काळ्या मातीची दोन-चार ढेकळं आणून आपल्या टोपल्याच्या तळाशी घातली. मग दुर्गाबाईच्या टोपल्याकडं वळली.

"माह्यात नको," दुर्गाबाई म्हणाली.

"अवं, घसरन."

"घसरू दे. हलकंच बरं."

माणिकबाईला ते लागलं थोडं. दोघींनी चुंबळी ठेवल्या. माणिकबाईनं दुर्गाबाईच्या टोपल्याला हात लावला, दुर्गाबाईनं माणिकबाईच्या. हात मात्र काही विसरले नव्हते. किती वाकायचं, कधी श्वास धरायचा, सगळं जिथल्या तिथं होतं.

समितीत तिघं जण होते. त्यातल्या बाईंनी काळा चष्मा लावला होता आणि त्या मनापासून सगळं बघत होत्या. माणिकबाई पुढं झाली, दुर्गाबाई मागं. चार पावलं गेल्या असतील तोच बाई म्हणाल्या, "अहो, दोघी शेजारी शेजारी चाला ना. फोटोत दोघी दिसल्या पाहिजेत. आता वाट रुंद आहे."

रागिणीनं माणिकबाईकडं पाहिलं. तिला बहुतेक ते अवघड वाटलं असावं.

मग दोघी शेजारी शेजारी चालल्या. कोपराला कोपर लागायचं. एकीचा पाय लवकर पडायचा, दुसरीचा मागून. डोळ्यांच्या कडेला एकमेकींचं लुगडं दिसायचं आणि तेवढ्यानंच अवघडल्यासारखं व्हायचं. मागून ट्रॅकसूटवाले जोडीजोडीनं येत होते, कुणी शेअर बाजाराचं बोलत होतं, कुणी गुडघ्याच्या डॉक्टरचं. ह्या दोघींच्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही. एवढी वर्षं ज्या प्रश्नासाठी माणिकबाई थांबली होती तो अजून तसाच राहिला.

रपट्यावर समिती थांबली. तिथं खुर्च्या मांडल्या होत्या, नारळपाणी होतं. समितीतल्या बाई म्हणाल्या, "छान झालं, फोटो आले. तुम्ही बसा आता." कॉलनीतले लोकही थांबले, टोप्या काढून वारा घेऊ लागले.

"आमाले बायपासपर्यंत जाचं हाय," माणिकबाई म्हणाली. "तिची गाडी तिकडं उभी हाय."

"काकू, पलीकडं झाडी हाय, वाट नाही," किशोरभाऊ म्हणाले.

"आमाले पुरते."

*

रपटा ओलांडला आणि बेशरमाची झुडपं दोन्हीकडून अंगावर आली. आपोआप माणिकबाई पुढं झाली, दुर्गाबाई मागं. मागचं बोलणं, हसणं हळूहळू दूर गेलं. पायाखाली ओली माती, नाल्याचा वास, कुंपणावर चिमण्यांची किलबिल. माणिकबाईचे खांदे सैल पडले.

"दगड हाय," ती म्हणाली.

"हं."

तो हुंकार ऐकला आणि तिला एकदम रडू येईल असं वाटलं. पण डोक्यावर टोपलं असताना रडायचं नसतं, वाट दिसेनाशी होते. ती बोलू लागली. सागरची शेवंती, दीपमालाच्या दातांचं दुखणं, शेजारी आलेले नवे लोक कसे दाराला साखळी लावूनच बोलतात. मागून हुंकार येत राहिला, पूर्वी यायचा तसाच, प्रत्येक वाक्यानंतर जरा उशिरा.

"दुर्गे."

"हं."

"तू गेली त्या दिवशी मी नांदगावले होती."

"हं."

"तुले माहीत होतं मी नाही म्हणून."

हुंकार आला नाही. माणिकबाई जागच्या जागी थांबली.

"थांबू नको," मागून आवाज आला. "चाल. थांबली तं मले सांगता नाही येणार."

माणिकबाई चालू लागली.

"माहीत होतं," दुर्गाबाई म्हणाली. "म्हणूनच तो दिवस धरला. आन् वावर श्यामनं नाही इकलं. त्याले म्याच इकाले लावलं."

"काहून?"

"माह्या मानीनं. मान गेली होती माही. या कुशीवर झोपली तं दुखे, त्या कुशीवर झोपली तं दुखे." झुडूप बाजूला सारल्याचा आवाज आला. "आन् मानच नाही फक्त. मले या पांदणीचाच कंटाळा आला होता, माणके. पहाटे तुही हाक आली का मी गोधडी डोक्यावर ओढून घेत होती. वाटे, आज तिले ताप येऊ दे. आज नाल्याले पूर येऊ दे. टेम्पोत बसली ना मी, तवा मले इतका आनंद झाला का काय सांगू. तुले भेटून गेली असती तं तो तुले माह्या तोंडावर दिसला असता. तुह्यापुढं मले तोंड लपवता येत नाही. मागून चालते तवा बरं असते."

माणिकबाई चालत राहिली. समोर पायवाट होती, तिच्यावर बाभळीच्या शेंगा पडल्या होत्या. ह्या वाटेवरचे सगळे दिवस तिनं आजवर मनात सोन्याच्या पुतळ्यांसारखे ओवून ठेवले होते. हिवाळ्यातल्या पहाटा, पदराखाली धरलेला भाकरीचा तुकडा, गुजरीत माल संपल्यावर एकाच आलूबोंड्याचे दोन भाग. तेव्हा मागून चालणारी बाई पूर येऊ दे म्हणत होती.

"एवढे वर्सं मले सांगतलं काहून नाही?" तिनं विचारलं.

"कधी सांगू? तू बोलत होती ना." दुर्गाबाईच्या आवाजात राग नव्हता. "मागचीनं 'हं' म्हणाचं असते. म्या म्हणलं. तुह्या टाचा तोंडपाठ हायेत मले. डाव्या टाचीले भेग हाय, ती पावसाळ्यात बुजते, थंडीत पुन्हा उकलते."

माणिकबाई थांबली. या वेळी दुर्गाबाईनं 'चाल' म्हटलं नाही. माणिकबाई बाजूच्या गवतात उतरली, पाय चाचपत, टोपलं सावरत, आणि म्हणाली, "तू पुढं हो."

"मले नाही येत पुढं."

"सरळ वाट हाय. हो पुढं."

दुर्गाबाई तिच्या अंगाला घासून पुढं गेली. आणि आयुष्यात पहिल्यांदा माणिकबाईनं तिला मागून पाहिलं. टोपल्याखाली ती मान एका बाजूला कलली होती. लुगड्याच्या काठावर, मानेच्या मुळाशी मणक्याचा एक उंचवटा वर आला होता, कातडी ताणून. बैलाच्या खांद्यावर जू घासून घट्टा पडतो तसा. नुसत्या पोत्याचं टोपलं होतं ते, तरी मान थरथरत होती. नव्या चपलेतल्या टाचा मऊ झाल्या होत्या, घरात राहिलेल्या माणसाच्या होतात तशा.

दुर्गाबाई हळूहळू चालत होती. कितीतरी वेळानं ती म्हणाली, "दगड हाय."

"हं," माणिकबाई म्हणाली.

मग दुर्गाबाई बोलू लागली. थांबत थांबत, कुणी नवीन धंदा शिकावा तसं. तो आनंद किती टिकला तेही सांगितलं. इथून नेलेला लसूण सरेस्तोवर. मग उजाडल्यावर करायला काही उरलं नाही. चौथ्या मजल्यावर घर आहे. खाली जायला लिफ्ट आहे, पण खाली गेल्यावर कुठं जायचं ते कळत नाही. समोरच्या दारातली भावना म्हणून पोरगी आहे, ती चांगली आहे, पण नोकरीला जाते, दार सांजेलाच उघडतं. श्याम बरा आहे, सून बरी आहे, सगळं बरं आहे. मान आता दुखत नाही. पहाटे मात्र जाग येते आणि खिडकीशी बसावं लागतं.

माणिकबाईला मध्येच विचारावंसं वाटलं, मग परत ये ना. पण मागचीला विचारता येत नाही, हे तिला तेव्हा कळलं. मागून फक्त हुंकार जातो. तिनं तो दिला. पुन्हा दिला.

बायपासच्या चढावर दोघींनी एकमेकींची टोपली उतरवली. टोपलं दोघींच्या हातांत असतानाच चेहरे समोरासमोर आले. दुर्गाबाईचे डोळे ओले होते, किंवा म्हातारपणाचं पाणी असेल.

"बरी रायजो," माणिकबाई म्हणाली.

"तू बी."

श्यामनं गाडीचं दार उघडलं. "काय मावशी, सगळ्या गप्पा संपवल्या ना?"

"हो ना बाबा," माणिकबाई म्हणाली.

गाडी अकोल्याच्या रस्त्याला लागली. माणिकबाईनं दोन्ही टोपली एकात एक घातली. ढेकळं काढून रस्त्याच्या कडेला ठेवली, आणि पांदणीनं एकटी परत आली.

*

त्यानंतर कितीतरी दिवस तिनं फोन लावला नाही. दीपमालानं विचारलं तर म्हणायची, "राहू दे, झोपली असन ते." रागावली होती असं नाही. पण एकेक जुना दिवस आठवायचा, त्यातला तो हुंकार आता निराळाच ऐकू यायचा. धाकट्या दिराचं लग्न मोडलं ते सांगितलं तेव्हाचा 'हं'. सागरच्या वेळचं बाळंतपण अवघड गेलं, ते सगळं खुलवून सांगितलं तेव्हाचा 'हं'. त्या वेळी दुर्गाबाईची मान दुखत होती. त्या दिवशीही. एवढ्या मोठ्या आयुष्यात एकदा तरी आपण मागं व्हायला हवं होतं, एवढंच तिला वाटत राहायचं.

निधी मंजूर झाला. पूर्ण नाही, रपट्यापर्यंतचा. पुढचा भाग दुसऱ्या टप्प्यात, असं किशोरभाऊ म्हणाले, आणि दुसरा टप्पा म्हणताना त्यांनी हात असा लांब केला की तो कुणाच्या हयातीत येईल हे कळेना. पावसाळ्यानंतर काम सुरू झालं. करडी फरशी बसली, दिवे लागले, बाकडी आली. पांदणीच्या तोंडाशी एक मोठा फलक लागला आणि त्याच्यावर दोघींचा फोटो. शेजारी शेजारी, डोक्यावर टोपली, दोघी समोर बघताहेत. लोक येता-जाता तो पाहतात. रागिणीनं घरी येऊन त्याची एक छोटी प्रत दिली, आणि जाताना म्हणाली, "आजी, वाट झाली, पण रपट्यापलीकडची अर्धी अजून मातीचीच आहे. मला बरं नाही वाटत."

"असू दे पोरी. माह्या पायाले सवय हाय," माणिकबाई म्हणाली.

आता पहाटे ट्रॅकवर माणसं असतात. जोडीनं चालतात, रपट्यावर येतात, कठड्याला हात लावतात आणि वळून परत जातात. कठड्याला हात लावल्याशिवाय फेरी मोजली जात नाही, असं काहीतरी असावं. माणिकबाई फरशीच्या कडेकडेनं जाते, रपटा ओलांडते आणि बेशरमात शिरते. कुणी कुणी नमस्कार करतात, फलकावरची बाई म्हणून.

थंडी पडायला लागली तेव्हाची गोष्ट. ती फरशी संपवून पुलाजवळ आली असेल, कमरेला खोचलेला फोन वाजला. हा फोन दीपमालानं घेऊन दिला होता, पडली-झडली तर म्हणून. हिरवं बटण दाबायचं एवढंच तिला येत होतं, आणि आवाज मोठा करायचा.

"माणके."

"अवं, दुर्गे? एवढ्या सकाळी?"

"चालून राहिली का?"

"चालून राहिली."

"मी बी," दुर्गाबाई म्हणाली. तिला धाप लागली होती. "वऱ्हांड्यात. या टोकाहून त्या टोकाले. सगळ्याइचे दारं बंद हायेत."

माणिकबाई उभी राहिली. मग फोन खांद्यावरच्या पदरात गुंडाळून खोचला आणि पुढं चालू लागली.

"पुढं कोण हाय?" दुर्गाबाईनं विचारलं.

"तू."

पलीकडं चपलांचा आवाज ऐकू आला, फरशीवर घासणारा. मग दुर्गाबाई बोलू लागली. भावनाचं लग्न ठरलं, ती आता जाणार. लिफ्ट दोन दिवस बंद होती. रातच्यानं श्याम कुणावर तरी ओरडला, कुणावर ते कळलं नाही. खालच्या मजल्यावरची एक बाई गच्चीत सांभार लावते कुंडीत, तिला म्हटलं, बाई, दाट पेरू नको, पण ऐकत नाही.

"हं," माणिकबाई म्हणत होती. "हं."

त्यानंतर रोज फोन यायचा असं नाही. दुर्गाबाईला कधी बरं नसतं, कधी श्यामची पाहुणी मंडळी झोपलेली असतात. पण येतो तेव्हा माणिकबाई मागं असते. ती आपलं काही सांगत नाही. सांगण्यासारखं पुष्कळ आहे, सागर उरलेला वावराचा तुकडाही विकायचं म्हणतो आहे, पण ते ती ठेवून देते.

रपट्याच्या पलीकडं, बाभळींच्या दाटीत, फोनचा आवाज जातो. तिथं रेंज नाही, दीपमाला म्हणते. आवाज कधी गेला ते माणिकबाईला लवकर कळत नाही. दुर्गाबाई मध्येच थांबते, धाप घेते, तसंच असेल असं समजून ती चालत राहते. पांदणीत कुणी नसतं. बाभळीच्या शेंगा पायाखाली वाजतात, आणि माणिकबाई थोड्या थोड्या वेळानं, न चुकता, हुंकार देत असते.